गंगाखेडातली विलायती घरं

गंगाखेडच्या उन्हात इंग्लंड बांधायला निघालेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडूभाऊ तरुणपणी अमेरिकेत होते. तिथल्या कुठल्याशा लहान गावात एक म्हातारा आर्किटेक्ट जन्मभर इंग्लंडातल्या खेड्यांसारखी घरं बांधत आला होता. त्याच्या हाताखाली साडूभाऊंनी काही वर्षं काढली. तो म्हातारा इंग्लंडला उभ्या आयुष्यात एकदा जाऊन आला होता म्हणे; साडूभाऊ तर कधीच गेले नाहीत. पण गुरुभक्ती अशी, की लोक तिकडून डॉलर घेऊन येतात, हे उतरत्या छपरांचे नकाशे घेऊन आले आणि बसस्टँडमागे ऑफिस थाटून बसले.

सपाट स्लॅबशी त्यांचं हाडवैर. स्लॅबचं घर मागणाऱ्याला ते चहा पाजत आणि वाटेला लावत. त्यामुळं ऑफिसात चहा भरपूर व्हायचा, घरं होत नव्हती. संसार मेव्हणीच्या शाळेतल्या नोकरीवर चालला होता. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे नवरानवरीकडं बघत होते, हे छताकडं. अक्षता टाकता टाकता माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कार्यालय चांगलं हाय हो, पण छताला उतार न्हाई. मन लागत न्हाई माझं."

शेवटी खताचे व्यापारी आप्पा त्यांना भेटले. असलं घर परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचं नसेल, एवढ्याच बोलीवर आप्पा तयार झाले. साडूभाऊंनी जीव ओतला. उभं कौलारू छप्पर, रस्त्याकडं पुढं आलेली, आत बसायला ओटा असलेली तीन तोंडांची खिडकी, आणि बैठकीत शेकोटीसाठी भिंतीतला कोनाडा. त्याचं धुराडं थेट छपराच्या वर. वास्तुशांत झाली ऐन एप्रिलात. साखर कारखान्यासारखं ते धुराडं बघून येणारा जाणारा विचारायचा, "आप्पा, गाळप कधी सुरू करायलात?"

महिन्याभरानं आम्ही दोघे साडू गेलो, तर शेकोटीच्या कोनाड्यात महादेवाची पिंड, वर बेलाची पानं, आणि धूप जळतोय. आप्पांचं घराणं शिवभक्त. एवढा ऐसपैस कोनाडा त्यांनी रिकामा कसा ठेवावा? मला वाटलं, आता साडूभाऊ भडकणार. ते खाली वाकले, वर धुराड्यात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धूर नीट वर जातो ना?"

"लय झकास जायलाय," आप्पा म्हणाले.

"मग झालं."

खिडकीतल्या ओट्यावर आप्पांच्या आई बसल्या होत्या. सकाळी चहा घेऊन बसायच्या त्या दिवेलागणीलाच उठायच्या. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्यांना नमस्कार करून पुढं जायचा. ते बघून गावाला त्या खिडकीचं वेड लागलं. घर नको, छप्पर नको, फक्त आप्पांसारखी खिडकी. साडूभाऊ हताश होऊन मला म्हणायचे, "मी अख्खं इंग्लंड द्यायला बसलोय, आणि लोक खिडकीच मागायलेत." मेव्हणी आतून म्हणायची, "मागायलेत तर द्या की." ते कुरकुरत द्यायचे.

एक दिवस सोनपेठ रस्त्यावरच्या खेड्यातली एक ऊसतोड करणारी बाई ऑफिसात आली. तिला घरकुल मंजूर झालं होतं. दोन खोल्या, वर सपाट स्लॅब. ती म्हणाली, "सायेब, एसटीतून तुमची खिडकी बघितली. तसली बसायची खिडकी मला जमंल का? हंगामभर पाचटाच्या कोपीत वाकून आत जातो, वाकून भायेर येतो आमी. घरी आल्यावर ताठ बसून रस्ता बघू वाटतंय."

साडूभाऊंनी स्लॅबचं नावही काढलं नाही. इंग्लंडचंही नाही. तिथल्या तिथं कागद ओढून घेतला. पुढं बांधकामावर रोज स्वतः उभे राहिले, गवंड्याशी भांडले, ओट्याची उंची ठरवायला त्या बाईला विटांच्या थरावर बसवून बघितलं. तिचे पाय जमिनीला नीट टेकले, तेव्हा कुठं पुढचं काम होऊ दिलं. "अमेरिकेत असतो तर याचा फोटो म्हाताऱ्याला दाखवला असता," एवढंच परतताना म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी हार मानली आणि साडूभाऊ लेकीकडं पुण्याला निघाले. जायच्या आधी मला म्हणाले, "गाडी काढता का जरा?" मोटारसायकलवरून आम्ही सोनपेठ रस्त्याला लागलो. बाईच्या दाराला कुलूप होतं. ती कुटुंबासह तोडीवर गेलेली. साडूभाऊ काठी टेकत खिडकीपाशी गेले. गजातून आत बघितलं. ओटा सारवून ठेवलेला होता, त्यावर घडी घातलेली एक गोधडी होती.

"थोडी रुंद करायला पाहिजे होती," ते हळू आवाजात म्हणाले. "आता सून आलीय म्हणे तिला. दोघी बसल्या असत्या."

 ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच, बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो.