पांढुर्ण्याच्या तहानेचा नकाशा

दौलत गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौसरच्या बसस्टँडवर होतो, रामाकोना गावातल्या एका लग्नाला निघालेला. तसाच उलटा फिरलो. पांढुर्ण्याला पोचेस्तोवर त्याचे हजारभर जिवलग मित्र उगवले होते. जिवंतपणी अडीच होते... त्यातला अर्धा मी.

दौलत विजेचे मीटर वाचायचा. गावभर इतका हिंडला की कुत्रीच पुढे होऊन त्याला मीटर दाखवत. राहायचा बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, आणि हे गावाला त्याच्या नावाआधी ठाऊक असायचं. एका मे महिन्यात त्यानं घरोघरी मीटर वाचून झालं की पाणी मागितलं, आणि रोज संध्याकाळी एका भल्याथोरल्या कागदावर घरागणिक ठिपका दिला. पेल्यात पाणी मिळालं तर निळा. वरून ओंजळीत ओतलं तर पिवळा. 'बाहेरच्या नळावर घ्या' म्हटलं तर लाल.

पुढे 'आमचे शहर' नावाचं प्रदर्शन भरलं, तिथं तो कागद लागला. रंगांचा खुलासा मात्र त्यानं खिशात ठेवला. लाल म्हणजे मानाचं घर, हे आमच्या शहाण्यांनी आपसातच ठरवून टाकलं. नवी कॉलनी तर नुसती कुंकवानं माखलेली. लोक आपापल्या ठिपक्यापाशी उभे राहून फोटो काढून राहिले होते. शेजाऱ्याचा ठिपका मोठा दिसतो म्हणून एक कंत्राटदार रुसलाही. दुपारी दौलतनं खुलाशाची चिठ्ठी खाली चिकटवली. आमच्या दगडफेकीच्या जत्रेत, गोटमारीत, दगड येताना पाहूनही माणसं इतक्या चपळाईनं पांगत नाहीत. चार वाजता तिथं नळाच्या पाइपांची जाहिरात लटकत होती.

मी माझं घर शोधून ठेवलं होतं. पिवळं.

"काहून रे, माह्या घराले पिवळा?"

"वरून ओतलं न बापा."

"ते आईनं ओतलं. मी कुठं होतो?"

"ओट्यावर. पेपर वाचून राहिला होता तू."

निळा करून टाक म्हणून मी गयावया केली. इतक्या वर्षांची दोस्ती काढली. तो हसला. "ठिपका मी नाही देत, घर देते. पुढच्या मे महिन्यामंदी येतो तुह्याकडं, तहान घेऊन."

होळीच्या आधीच गेला.

शोकसभेत लाल ठिपक्यांनी भाषणं केली. 'मनमिळाऊ', 'अजातशत्रू'... एकेकाच्या पुढ्यात थंड पाण्याची बाटली, आणि ज्यांच्या दारात त्याच्या घशाला कोरड पडली त्यांचे गळे भरून येत होते. पिवळ्यांच्या वतीनं मीही बोललो. बरंच बोललो.

दिवस झाल्यावर दौलतच्या बायकोनं, वहिनींनी, कागदाची गुंडाळी माझ्या हाती दिली. बैठकीत लावलीय. येणारे-जाणारे रंगांचं कौतुक करतात, मग चिठ्ठी वाचतात आणि चहा न घेताच उठतात. परवा चष्मा लावून मी जवळून पाहिलं. अख्खं गाव त्यानं पक्क्या शाईनं भरलंय. माझ्या घराचा तेवढा ठिपका पिवळ्या पेन्सिलीचा आहे, रबरानं जाईल असा...

म्हणजे तो खरंच येणार होता.