हरणाऱ्या संघाचं केळवण

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक कोणाची ते मात्र पहिल्या दिवसापासून कळत होतं. पंचाची. पंचाची नसेल तर वाऱ्याची, आणि वारा पडलेला असेल त्या दिवशी समोरच्या कॉलेजच्या त्या दांडगट फॉरवर्डची, जी मला विद्यार्थिनी वाटतच नव्हती, दोन पोरांची आई वाटायची. स्वभावच तसा माझा. नाशिकला गल्लीतली क्रिकेटची मॅच भाऊ हरला, की मी आठवडाभर अंपायर झालेल्या मुलाच्या आईशीसुद्धा बोलत नसे.

वर्ल्डकपला तेव्हा वर्षभर राहिलं होतं. दोह्यात जिकडेतिकडे रस्ते खणलेले, काल होता तो वळसा आज भलतीकडेच गेलेला. आमचे हे गॅस कंपनीत इंजिनियर. जन्मात क्रिकेटशिवाय काही पाहिलं नव्हतं या माणसाने, आणि आता जेवताना लोणच्याची बाटली आणि मीठदाणी मांडून मला ऑफसाइड समजावून सांगायला लागले होते. अबू हमूरमधली आमची चार मराठी घरं शुक्रवारी जमली की तिकिटांचा अर्ज कधी आणि कसा करायचा यावर तासन्‌तास खल चालायचा. पण आमच्या घरात खरा फुटबॉल आणला तो लेकीने.

तिच्या कॉलेजात मुलींची टीमच नव्हती. एवढा मोठा वर्ल्डकप आपल्या दारात येतोय आणि आपल्या कॉलेजात टीम नाही म्हणजे काय, म्हणून तिने वर्षभर कॉलेजच्या ऑफिसचे उंबरठे झिजवले. शेवटी त्यांनी सांगितलं, ठीक आहे, एक सीझन देतो. सगळ्या मॅच पूर्ण करून दाखवा. मुली कमी पडल्या म्हणून एक जरी मॅच सोडलीत, तर टीम बंद. आणि नियम असा की मैदानात निदान सात जणी उभ्या राहिल्याशिवाय मॅच होतच नाही. जिंकण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. तेरा जणी जमल्या. आमची उंच म्हणून तिला गोलकीपर केलं, आणि दुसऱ्या कोणीच हात वर केला नाही म्हणून कॅप्टनही.

पहिली मॅच अल दुहैलच्या बाजूच्या एका मैदानावर होती, शनिवारी दुपारी चार वाजता. आम्ही चारही घरं घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास आणि चिवड्याचे डबे घेऊन गेलो. सहलच होती म्हणा ना. आम्ही सगळी क्रिकेटवर वाढलेली माणसं, तेव्हा बॉल हिच्याकडे आला की "कॅच! कॅच!" म्हणून ओरडायचो. मध्यंतरानंतर तर मी कहरच केला. एक मुलगी बॉल घेऊन गोलकडे सुसाट पळत होती आणि मी खुर्चीवर उभी राहून किंचाळत होते, "मार! मार! सोडू नकोस!" तिने मारला. गोल झाला. मी नाचले. माझ्या नवऱ्याने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि हळूच म्हणाले, "अगं, बाजू बदलल्यात. ती आपली पोरगी आहे गोलमध्ये." सात-शून्यने हरलो, आणि त्यातल्या एका गोलला कीपरच्या सख्ख्या आईचा पाठिंबा होता.

परतताना गाडीत लेक खिडकीबाहेर बघत बसली. एरवी हिची बडबड बंद करायला लागते. मी विचारलं, "खूप वाईट वाटतंय का गं?" तर म्हणाली, "आई, प्लीज."

आमच्याकडे माणूस दुःखात असला की त्याला जेवायला घालतात. सुखात असला तरी घालतात, पण दुःखात तूप जरा जास्त. शिवाय मी त्या पोरींना मॅचआधी काय खाताना पाहिलं होतं? एक केळं आणि चॉकलेटसारखी दिसणारी कसलीशी वडी! यांच्या अंगात ताकद येणार कुठून? लग्न ठरलं की मुलीला घरोघरी केळवण करतात, तिच्यापुढे एवढं मोठं काम आहे म्हणून. मग या पोरींपुढे काय कमी काम होतं? पुढच्या शनिवारी दुपारी एक वाजता मी अख्ख्या टीमला जेवायला बोलावलं.

तेरा पोरी आल्या. सुदानची, फिलिपिन्सची, जॉर्डनची, केरळच्या दोघी, कुठकुठल्या. जेवण शाकाहारी, त्यामुळे कोणाचीच अडचण नव्हती. हॉलमधले सोफे भिंतीला सरकवले, खाली पंगत मांडली, प्रत्येकीच्या ताटाभोवती रांगोळी काढली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, अळूवडी, कोशिंबीर. आणि आग्रह! आग्रहाशिवाय केळवण कसलं? "अजून एक पुरी, आंटीसाठी." "ही एक टीमसाठी." "ही पहिल्या गोलसाठी." सुदानची पोरगी विंगला खेळायची, टीममधली सगळ्यात वेगवान. तिने श्रीखंड तीनदा घेतलं. पोरी हसत होत्या, एकमेकींच्या ताटातलं उचलत होत्या, माझी लेक त्यांना पुरी फोडून श्रीखंड कसं घ्यायचं ते शिकवत होती. माझं पोट तेवढ्यानेच भरलं.

चार वाजता आठ-शून्यने हरल्या.

आता एका घरी केळवण झालं म्हटल्यावर बाकीची घरं गप्प बसतात होय? पुढच्या शनिवारी पलीकडच्या बिल्डिंगमधली माझी मैत्रीण हट्टाला पेटली, तिने पुरणपोळ्या केल्या, वर साजूक तुपाची धार. त्यानंतर आमच्या कोकणातल्या वहिनींनी उकडीचे मोदक केले आणि प्रत्येकीला पाच खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. मग पुन्हा माझी पाळी. पोरी शनिवारची वाट बघायला लागल्या. आणि दर शनिवारी चार वाजता हरायला लागल्या.

आम्ही चाहते म्हणून काय काय नाही केलं! एकाने सांगितलं, निळा शर्ट घातला की हरतो, म्हणून नवऱ्याचा चांगला शर्ट मी कपाटात कोंबला. खुर्च्यांची जागा बदलली. मी मीठ-मोहऱ्यांनी तेरा पोरींची दृष्ट काढली, जॉर्डनच्या मुलीने त्याचा व्हिडिओ केला. रस्त्यांच्या वळशांना शिव्या दिल्या, नकली गवताला शिव्या दिल्या. हे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, "तुम्ही मीठदाणी घेऊन बसा." हरत होतो, पण खरं सांगते, इतकी मजा मला या देशात आल्यापासून कधी आली नव्हती. फक्त लेकीकडे बघवत नव्हतं. सगळ्या गोलांना तोंड तीच देत होती ना.

मग ती शनिवारची मॅच आली, जिच्यात सुदानची पोरगी विसाव्या मिनिटाला मैदानातच पोट धरून खाली बसली. कोच ट्युनिशियाची बाई, बारीक, कडक, कधी आवाज न चढवणारी. तिने त्या पोरीला बाहेर आणलं, काहीतरी विचारलं, मग सरळ माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही यांना एक वाजता काय खायला देता?"

मला वाटलं आभार मानायला आलीय. मी सगळा मेनू सांगितला. श्रीखंड म्हणजे काय तेही सांगितलं: दही टांगायचं, त्यात साखर, वेलची, केशर. पुऱ्या तेलात तळायच्या. त्या दिवशी बासुंदीही होती, तीही सांगितली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मॅडम, मॅच चार वाजता असते. यांना पळायचं असतं."

एवढंच म्हणाली आणि गेली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन महिने मी पंचाला, वाऱ्याला, गवताला बोल लावत होते, आणि पोरींना जागचं हलू देत नव्हतं ते माझं श्रीखंड! गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "अति तिथे माती," आणि हसायला लागले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. लेकीला म्हटलं, "चुकलंच गं माझं." तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

खलास. केळवण बंद. बाकीच्या तिन्ही घरांना मी स्वतः फोन करून सांगितलं. पुढच्या शनिवारी पोरी रिकाम्या पोटी, हलक्या पायांनी मैदानात उतरल्या आणि सहा-शून्यने हरल्या.

म्हणजे सुधारणा होती, असं मी स्वतःला सांगत होते. पण त्या आठवड्यात सरावाला सातच जणी आल्या. त्यानंतरच्या सरावाला पाच. कोणाची परीक्षा, कोणाचा पाय दुखतोय, कोणी नुसतंच मेसेज वाचून गप्प. शेवटची मॅच राहिली होती. गुरुवारी संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोन बघत उभी होती. म्हणाली, "आई, सहा जणी येतायत. मला धरून." सात लागतात, हे मला आता पाठ होतं. एका मुलीपायी टीम जाणार होती. वर्षभर झिजवलेले उंबरठे, अंगावरचे ते काळेनिळे डाग, सगळं फुकट. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला मला दाखवायचं नव्हतं.

"त्यांना जेवायला बोलव ना," ती म्हणाली.

"अगं, तुझी कोच मला जिवंत ठेवेल का?"

"मॅचनंतर बोलव."

बाई गं! इतकी साधी गोष्ट. दोन महिने चार घरं स्वयंपाक करत होती, आणि एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की केळवण मॅचनंतरही करता येतं. तिने तिथल्या तिथे ग्रुपवर मेसेज टाकला: शनिवारी मॅच संपली की आंटीकडे जेवण, श्रीखंड आहे. मी लगेच दही टांगायला घेतलं.

शनिवारी साडेतीनला मैदानावर मी मुली मोजत होते. चार. पाच. केरळच्या दोघी मिळून सात, आणि मी देवाला हात जोडले. मग मागून जॉर्डनची आली, सुदानची आली, फिलिपिन्सची येताना रूममेटलाही घेऊन आली. रूममेटने मला विचारलं, "आंटी, मी खेळत नाही, पण जेवायला चालेल ना?" पूर्ण तेरा जणी आल्या, चौदावी वर. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत सुटले, अजून मॅच सुरूसुद्धा झाली नव्हती.

मॅचमध्ये तीन-शून्यने मागे होतो. शेवटची काही मिनिटं राहिली असताना सुदानच्या पोरीने बॉल घेतला आणि पळत सुटली. काय पळाली! दोघींना चुकवलं, तिसरी घसरून पडली, आणि हिने डाव्या पायाने मारला. गोल! सीझनमधला आमचा पहिला गोल! या वेळी मी आधी यांच्याकडे बघितलं, यांनी मान हलवली, आणि मग मी ओरडले. चारही घरं ओरडली. कोकणातल्या वहिनी रडायलाच लागल्या. आणि माझी लेक, सीझनभर त्या जाळ्यासमोर उभी असलेली, गोल सोडून अख्खं मैदान पार करून धावत गेली आणि त्या पोरीला तिने उचललं.

मग लेक परत आपल्या गोलकडे निघाली. जेमतेम मधली रेघ ओलांडली असेल, तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी वाजली. आणि समोरच्या त्या दांडगट फॉरवर्डने मैदानाच्या मधूनच बॉल मारला. तो हिच्या डोक्यावरून गेला, टप्पा टप्पा खात, सावकाश, रिकाम्या गोलमध्ये. ही मागे धावतेय आणि बॉल पुढे. चार-एक.

मला वाटलं, आता ही कोसळणार. ती मटकन गवतावर बसली, आणि हसायला लागली. पोट धरून, आडवी पडून हसली. मग बाकीच्या तिच्या अंगावर येऊन पडल्या, ती फॉरवर्डही हसत आली आणि हिला हात देऊन उठवलं. जवळून बघितली तर कोवळी पोर होती ती. शिट्टी वाजली, सीझन संपला. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई आल्या होत्या, त्यांनी हिच्याशी हात मिळवून सांगितलं, पुढच्या वर्षी सराव लवकर सुरू करा.

संध्याकाळी हॉलमध्ये पंगत बसली. कोचही आली, तिने न बोलता चौथी पुरी घेतली. मी स्वयंपाकघरात तळत होते, लेक रिकामं ताट घेऊन आली. मला राहवलं नाही. विचारलं, "तू काय गं, गोलमध्ये उभी राहून सगळं बघत होतीस. जेवणाने त्यांचे पाय जड होतात, हे तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं की. दुसऱ्याच मॅचला."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

ती पुऱ्या ताटात घेत राहिली. म्हणाली, "पहिल्या मॅचनंतर पाच जणी सोडणार होत्या, आई. आपल्याकडे जेवायला आल्या म्हणून थांबल्या. मी सांगितलं असतं, तर तू लगेच बंद केलं असतंस."

केलंच होतं मी. आणि काय झालं ते आम्ही दोघींनी बघितलं होतं. मी गॅस बंद केला. दर शनिवारी ही पोर जाणूनबुजून तिथे जाऊन उभी राहत होती, आणि मी बाहेर बसून पंचाला शिव्या देत होते. तिचा खरचटलेला हात हातात घेऊन म्हटलं, "अगं, पण किती गोल झाले तुझ्यावर!"

"झाले ना," ती म्हणाली, "पण टीम आहे." आणि पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर गेली.