हिरडीतले शिपाई

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात दुष्काळ. मी तिथं दातांचा डॉक्टर होतो. एक बाई पदर तोंडावर धरून आली. एका बाजूच्या हिरडीतून रक्त येतं म्हणून तिनं त्या बाजूला बोट लावणंच सोडलं होतं. दुसऱ्या बाजूला मिश्री चालूच!

"जंतूंशी तुमच्याच अंगातले शिपाई झुंजतायत. मिश्री सोडा, तिथली घाण काढा. नाहीतर झुंजीत हिरडीच जाईल."

"प्यायला पाणी न्हाई अन् चुळा भरू व्हय?" ती फणकारली.

"कडुलिंबाच्या काडीला कुठं पाणी लागतं?"

काही आठवड्यांनी ती परत आली, तोंडावरचा पदर खाली. कोरडी भाकरी माझ्यापुढं कडाकडा चावली, ओठ ओढून गुलाबी हिरडी दाखवली.

"शिपाई हायत तिथंच, डाक्टर. पर आता पहाऱ्यावर निवांत बसलेत!"