गव्हाचा उपास

मुलांनो, आपल्या गल्लीतल्या चक्कीवाल्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. त्याच्या पापण्यांवरही पीठ असतं, आणि चक्की बंद असली तरी तो ओरडूनच बोलतो.

उन्हाळ्यात तुम्ही येणार म्हणून मी ब्राउनी करायचं ठरवलं. धाकटीला गव्हाचा कणही बाधतो, आणि दूध-अंडं तिनं स्वतःच सोडलेलं. मी ज्वारीचा डबा घेऊन गेले आणि त्याला ग्लुटेन समजावू लागले.

"गव्हावर दळू नका, असंच ना? आता ज्वारीवरच टाकतो."

"तरी आत कुठे गव्हाचं पीठ राहिलं असेल, तर नात आठवडाभर आजारी पडेल."

"म्हंजे पोरीले गव्हाचा उपास हाय! पयले काहून नाही सांगतलं, काकू?"

उपासाच्या पिठाला त्याची रीत कडक. रांगेतल्या बायका कुरकुरत असताना त्यानं चक्की उघडली, दगड ब्रशने झाडले, कापडी नळी बदलली आणि दळून आलेलं पहिलं शेरभर पीठ गाईसाठी बाजूला काढलं.

त्या पिठात गूळ, कोको आणि सोयाबीनचं दूध घालून केलेली ब्राउनी तुम्ही दोन दिवसांत संपवलीत. एक तुकडा मी त्याच्यासाठी नेला.

"काकू, हे त शेणाच्या गवरीवानी दिसून राह्यलं!" तो हसला, पण तुकडा हातातच धरून उभा राहिला. "पोरीचं पोट?"

"ठणठणीत. चार तुकडे खाल्ले तिनं."

मगच त्यानं घास घेतला.