येथे घार लावून मिळेल

लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसणाऱ्या त्या बाईंचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. सगळे त्यांना चूकबाई म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. मुलांना वाचायला शिकवताना त्या मुद्दाम चुकीचं वाचायच्या. पुस्तकात ‘राजाने डोक्यावर मुकुट ठेवला’ असं असलं की बाई गंभीर चेहऱ्याने वाचणार, ‘राजाने डोक्यावर माकड ठेवलं.’ मुलं ओरडायची, ‘बाई, चूक!’ मग बाई कपाळाला हात लावायच्या, ‘अगं बाई, कुठे? दाखव बरं बोट ठेवून.’ आणि वर्गात वाचायचं म्हटलं की ज्याला घाम फुटायचा, तेच पोर बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवायचं. आजवर लोकांनी त्याच्या चुका पकडल्या, आता त्याची पाळी! कोण सोडेल हो?

आधी बाई एका मोठ्या दवाखान्यात तपासणीचं काम करायच्या. मूल हुशार असूनही अक्षरं त्याच्या हाती का लागत नाहीत, ते शोधायचं. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. तिथली फी ऐकून आईबाप नुसतं पाणी पिऊन घरी परतायचे. शेवटी बाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी ही खोली घेतली. इथे ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यायचं, नाही जमलं तर नाही.

एके दिवशी एक आत्या भाचीला घेऊन वर आली. पोरगी सहावीत. बोलायला अशी फटाकडी की बाईंनाही गप्प बसवील, पण पुस्तक उघडलं की तोंड शिवल्यासारखं व्हायचं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. यंदा नापास झालीस तर शाळा बंद, दुकानात बसायचं, असं बापाने सुनावलं होतं. तपासणीचा अहवाल मिळाला तर शाळा तिला जास्त वेळ देणार होती, शिवाय प्रश्न वाचून दाखवायला माणूसही. पण बापाची परवानगी हवी, आणि बाप एक नंबरचा आडमुठा.

‘दादा म्हणतो, पोरगी आळशी आहे,’ आत्या म्हणाली. ‘आणि फुकटात करतात ते काय धड असणार, असंही म्हणतो.’

‘असं म्हणतो काय!’ चूकबाईंचे डोळे चमकले. असे डोळे चमकले की ओळखीची माणसं जरा लांबच सरकायची.

दुसऱ्या दिवशी बाई खोलीतल्या सगळ्या बोथट कात्र्या पिशवीत भरून त्याच्या दुकानात गेल्या. हा बाप कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचा. दारावर लाल रंगात ठसठशीत पाटी होती: ‘येथे घार लावून मिळेल.’

बाईंना राहवतंय कसलं!

‘अहो दादा, मला एक घार लावून द्या. खांद्यावर बसेल अशी. चोच मारत नाही ना?’

धारवाल्याने चाक थांबवलं. ‘काय म्हणालात?’

‘तुमच्याच पाटीवर लिहिलंय की! घार. आकाशात उडते ती.’

धारवाला बाहेर आला, मागोमाग पोरगी. बापलेक पाटीखाली उभे राहिले. दोघांनी माना एकाच बाजूला कलत्या केल्या, डोळे बारीक केले.

‘बरोबर तर आहे,’ पोरगी म्हणाली.

‘मी स्वतः रंगवलीय,’ बाप म्हणाला. ‘धार. दिसत नाही का तुम्हाला?’

चूकबाईंचं हसू जागच्या जागी जिरलं. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. अशा कलत्या माना त्या रोज बघायच्या, पण केस पिकलेली ही पहिलीच.

‘माझ्या चष्म्याचा नंबर वाढला वाटतं,’ त्या घाईघाईने म्हणाल्या. ‘बरं, मुलीच्या तपासणीचं काय करताय? ती फुकट नसते हं. दहा हजार.’

‘दहा हजार!’ धारवाला उसळला. ‘लुटायला बसलात की काय?’

‘बरं, आठ.’

भाव करण्यात तो कुणाच्या बापाला ऐकणारा नव्हता. बाईंनी उसासे टाकले, दोनदा निघून गेल्या, दोनदा परत आल्या. शेवटी वर्षभर कात्र्यांना धार लावून देण्यावर सौदा पटला. रोख काही नाही. ‘बुडवलंत हो मला,’ बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. बाईला कसं चारी मुंड्या चीत केलं, ते धारवाल्याने संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं.

तपासणी झाली. अहवाल घ्यायला तिघंही आले, बाप, लेक आणि आत्या.

‘मुलगी हुशार आहे,’ बाई म्हणाल्या. ‘डिस्लेक्सिया आहे, आळस नाही. हे शाळेत द्या. आणि वाचायला तिला माझ्याकडे पाठवत जा.’

‘म्हणजे ती ढ नाही?’ धारवाल्याने विचारलं.

‘अजिबात नाही.’

‘मग हे होतं कशाने?’

‘पुष्कळदा घरातूनच येतं. आईकडून, नाहीतर वडलांकडून.’ हे सांगताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या.



‘मला शाळेत ढच म्हणायचे,’ धारवाला म्हणाला. ‘मास्तर, पोरं, घरचे सगळे. ही पण म्हणायची.’ त्याने बहिणीकडे बोट केलं. ‘चौथीत शाळा सोडली मी. मला वाटायचं, असेन खरंच.’

आत्याला रडू फुटलं. चूकबाईंना एकही गंमत सुचेना.

‘हे मला तेव्हा कुणी सांगितलं का नाही हो, बाई?’

पोरीने टेबलावरचा अहवाल उचलून बापाच्या हातात दिला.

‘मला तर सांगितलं ना, बाबा,’ ती म्हणाली. ‘चला, शाळा सुटायच्या आत देऊन येऊ.’