तपासलं: नसीम आपा

नसीम आपांना ‘ठीक आहे’ हे उत्तर चालत नसे. शेंद्रा एमआयडीसीतल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत रुजू झालो त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी विचारलं, “चहा कसा हाय?” मी म्हणालो, “ठीक आहे.”

“ठीक म्हणजे किती? साखर कमी, का पत्ती जास्त?”

मी पुन्हा घोट घेऊन साखर कमी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे त्या स्वतःच्या कपाकडे वळल्या.

आपा टेस्टिंगमध्ये टेक्निशियन होत्या. वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात बसलेला. सोल्डरिंग इतकं सुबक, की नवे इंजिनिअर बघायला यायचे. त्यांनी केलेल्या तपासणीच्या रिपोर्टवर सही मात्र मॅनेजरची असे.

आमचं नवं सर्किट बोर्ड सर्टिफिकेटसाठी बाहेरच्या लॅबला जायचं होतं. त्याच्या यूएसबी पोर्टचा सिग्नल तिथे मोजणार होते. मोजायचा तर पोर्टने एकच ठरलेला सिग्नल धरून ठेवायला हवा, आणि तसा हुकूम चिपला ड्रायव्हरने, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामने, द्यायचा असतो. तो ड्रायव्हर सांभाळण्याचं काम माझं. त्यात ही सोय नव्हती, आणि मला तिची गरजही वाटत नव्हती.

“पेन ड्राइव्ह चालतोय ना, आपा!”

“अरे, डॉक्टर म्हणतो, आ करा अन् तसंच थांबा. तुझा पेशंट नुसता गप्पा मारत बसतो. घसा कसा बघायचा?”

मी चार दिवस बसून ती सोय, म्हणजे टेस्ट मोड, लिहिली. पहिली चाचणी माझ्याच टेबलावर. हुकूम दिला आणि चिपने इमानदारीने बाकी सगळं काम थांबवलं. माझा कीबोर्डही त्याच बोर्डाला जोडलेला होता. टेस्ट मोड बंद करायचा हुकूम त्याच कीबोर्डवरून टाइप करायचा होता. मी बटणं बडवत असतानाच साहेब पाहुण्यांना घेऊन आले. “हे आमचे यूएसबीचे तज्ज्ञ,” ते म्हणाले. मी माउस हलवून पाहिला. तोही मेला होता.

आपा आल्या, बघितलं, आणि हसून हसून खुर्चीत बसल्या. “त्यानं आ केलंय रे! मिटायला सांगणार कोण?” मग त्यांनीच उठून बोर्डाचा प्लग काढला. दुसऱ्या दिवसापासून मी हुकूम वेगळ्या लॅपटॉपवरून, नेटवर्कने द्यायला लागलो.

पहिल्या पोर्टचा सिग्नल ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर स्वच्छ दिसला. बोर्ड सकाळी लॅबला निघणार होतं. आमच्या ड्रायव्हरचा कोड ओपन सोर्स, जगात कुणालाही वाचता येणारा. त्यातल्या बदलाखाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. मी म्हणालो, “आपा, तुमचं नाव टाकतो.”

त्यांनी बोर्ड फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, “पोर्ट दोन हायेत. मी एकच बघितला. आत्ताच नको टाकू.”

दुसऱ्या पोर्टवर नुसती सरळ रेषा. सिग्नलच नाही. “सोल्डरिंग बघा,” मी बोलून गेलो. सोल्डरिंग आपांचं होतं. त्यांनी ऑसिलोस्कोपची सुई उचलून पहिल्या पोर्टवर ठेवली. सिग्नल तिथे हजर!

“हुकूम दुसऱ्याला, अन् आ हा करतोय. लई हुशार तुझा ड्रायव्हर! पेशंटला सोडून कंपाउंडरचा घसा बघतो.”

मी कोडमध्ये पोर्टचा क्रमांक वाचायचाच विसरलो होतो. काही केलं तरी हुकूम पहिल्यालाच जात होता. दोन ओळींची दुरुस्ती आणि भरपूर शरम. आपांनी दोन्ही पोर्ट सुरुवातीपासून पुन्हा तपासले. “आता टाक,” त्या म्हणाल्या. मी त्यांचं नाव टाइप करत असताना खुर्चीमागे उभ्या राहून त्यांनी प्रत्येक अक्षर वाचलं. बोर्ड लॅबमध्ये पास झालं.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल दिली. आपांनी माझ्याकडे कोडमधल्या त्यांचं नाव असलेल्या तेवढ्या एका पानाचा प्रिंट मागितला.

यंदा ईदला पडेगावला त्यांच्या घरी गेलो, तर ते पान फ्रेम करून बैठकीत लावलेलं. शीरखुर्मा खाता खाता एका पाहुण्याने विचारलं, “भाभी, इसमें लिखा क्या है?” मी समजवायला तोंड उघडलं, तोच आपा म्हणाल्या, “ये लिखा है, कि पहले मैंने देखा. फिर हाँ बोली.”