पेटीवरचं पहिलं गाणं

ये गं, अशी जवळ बस. दारातून बोलू नकोस, माझे कान आता तेवढे लांब जात नाहीत. दोन वर्षांनी बुऱ्हाणपूरला आलीस ती चपलाही न काढता, आणि विचारतेस काय, तर "मावशी, मुलीला पेटी शिकवायची आहे, पहिलं गाणं कोणतं देऊ?" जसं काही वरणात पाणी किती घालू विचारावं! चार वर्षं माझ्याकडे शिकलीस, पण तुझी घाई काही गेली नाही. ऐक आता.

मला कुणी शिकवलं नाही, तुला ठाऊकच आहे. भजनी मंडळात पेटीवाल्या बुवांच्या बोटांकडे बघून बघून शिकले, मग गल्लीतल्या लेकरांना शिकवायला लागले. पहिलं गाणं गणपतीची आरती, हे ठरलेलं. सगळ्यांना पाठ, म्हणून सोपी, असा माझा हिशेब. घरच्यांनाही तेच हवं असायचं. पोरानं गणपतीपुढं वाजवावं, पाहुण्यांनी बघावं.

मागच्या साली बुधवारा मोहल्ल्यातली एक आठ वर्षांची पोर यायची. तेवढी एकच उरली होती गं. बाकीची मोबाइलवर शिकतात म्हणे. तिच्याकडे गणपती बसले तेव्हा मला आरतीला बोलावलं. पोर नवा फ्रॉक घालून पेटीपुढं बसली. आता घरची आरती कशी असते? दहा माणसं, दहा सूर, झांजा, टाळ्या, आणि दुसऱ्या कडव्यापासून पळापळ, कारण मोदक गार होतात. पोर एकेक पट्टी शोधतेय आणि आरती पुढं धावतेय. सगळ्यांचं म्हणून झालं तरी ती आपली वाजवतेच आहे. तिचा काका म्हणाला, "बेटा, गणपती विसर्जनाला निघाले, तू अजून स्थापनेतच!" सगळे हसले. मीही हसले. ते मला अजून खुपतं.

पोर यायची बंद झाली. पंधरा दिवस वाट बघितली, मग हे गुडघे घेऊन मीच गेले सकाळी. आई म्हणाली, "काकू, ती पेटीला हात लावत नाही. सूर नसेल तिच्यात, राहू द्या." पोर माझ्याकडं बघेना. "आजी, मला नाही यायचं. सब हसले."

मी ओट्यावर बसून राहिले. तेवढ्यात कचरागाडी आली, भोंग्यावर रोजचं गाणं लावून. पोर डबा घेऊन पळाली आणि परत येताना तेच गाणं गुणगुणत आली. अगदी सुरात! मी मनातल्या मनात बोटं ठेवून पाहिली. पाचच सूर, सगळे शेजारी-शेजारी, कुठं उडी नाही, बोट बदलायचं काम नाही.

म्हटलं, "हे वाजवशील?"

"कचऱ्याचं? ते पण वाजवतात?"

"इथं कोण पुढं पळणार आहे? गाडी तर गेली."

दुसऱ्या दिवशी आली. भाता मी धरला, तिनं फक्त बोटं चालवली. तिसऱ्या दिवशी अख्खं वाजलं. न्यायला आलेली आई दारातच थांबली. "काकू, यासाठी पाठवते का मी हिला?" मला वाटलं, झालं, आता नेते पोरीला. पण पोरीनं मान वर केली नाही. "मम्मी, रुक ना," म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू केलं. आई उंबऱ्यावर बसली. पोर अजून येते.

मी मात्र थकले गं. इतक्या वर्षांत किती लेकरं त्या आरतीत मागं राहिली असतील! घरी बसली, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, सूरच नव्हता त्यांच्यात. आता त्यातली काही रस्त्यात भेटतात, पाया पडतात. कुठल्या तोंडानं सांगू त्यांना? आताच्या लेकरांच्या ओठांवर काय असतं, तेही मला माहीत नाही, आणि नवं ऐकून बसवायची ताकद बोटांत राहिली नाही.

म्हणून तुझ्या मुलीचं गाणं मी इथं बसून सांगायची नाही. बूट घालताना, वेणी घालून घेताना ती काय गुणगुणते, ते बघ. तुला कळलं नाही तर तिलाच घेऊन ये, मी ऐकते. आणि दिवाळीपर्यंत थांबू नकोस बाई. चांगली दोन दिवस राहायला ये, लवकर ये.